ऊन लागलं म्हणून सांग

चाचांना शिवी द्यायची असली की ते आधी डोक्यावरची टोपी काढत, तिची नीट घडी घालत आणि खिशात ठेवत. "टोपी डोक्यावर असली की जबान साफ पायजे," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे केजच्या त्या लग्नाच्या लॉन्सवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना आगाऊ सूचना मिळायची. चाचांचा हात डोक्याकडे गेला की मांडववाले शिडीवर चढून बसत आणि केटररची माणसं कढयांमागे सरकत. मी बुकिंगच्या खोलीत बसायचे, तरी खिडकी लावून घ्यायचे. दिवसातून चार-पाचदा तरी ती टोपी खिशात जायची, आणि खरं सांगते, त्यातल्या एकाही वेळी चाचा चुकलेले नव्हते.

लॉन्स म्हणायचं, पण लॉन एकच. दोन एकर हिरवळ, कडेनं गुलाबाचे वाफे, स्टेजच्या दोन्ही अंगांना शोभेची झाडं. ज्या गावात नळाला पाणी आलं की बाया हातातलं काम टाकून पळतात, त्या गावात या हिरवळीला रोज संध्याकाळी टँकर लागायचा. का, तर पाहुणे येतील तेव्हा गवत ताजं दिसलं पाहिजे. चाचा तिथले माळी. पाणी पहाटे द्या, गवत रात्रभर ओलं राहिलं की बुरशी येणारच, हे सांगून त्यांच्या घशाला कोरड पडली. "आदी रोगाला घरी बोलवायचं आन मग दवा घेऊन त्याच्या मागं पळायचं! ह्ये कसलं शहाणपण हाय?" मालक राजकारणातले, त्यांच्या पाठीशी सतत चार माणसं. ते हसायचे आणि ती चारही माणसं हसायची. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

माळी होण्याआधी चाचा बसस्टँडजवळ फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. नॉझलमध्ये कचरा अडकला की त्या काळी सगळेच करायचे तसं तेही तोंड लावून फुंकायचे. वर्षानुवर्षं फुंकलं. मग कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला वासच येत नाही. डॉक्टर म्हणाले, कशानंही गेला असेल. चाचांच्या मनात मात्र शंका नव्हती. दिवसभर गुलाबाच्या वाफ्यात वावरणाऱ्या या माणसाला गुलाबाचा वास येत नव्हता. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही चिडूनच. नॉझल साफ करायला त्यांनी एक जुना टूथब्रश दोरीनं पंपालाच बांधून ठेवला होता. कुणी नॉझल तोंडाला लावताना दिसला की, "तोंड म्हंजी काय सायकलचा पंप हाय का बे?" असा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

त्यांची फवारणी बघायला माणसं फाटकाशी थांबत. चैत्राच्या उकाड्यातही अंगात पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, हातात रबरी मोजे, पायात गमबूट, डोळ्यांवर चष्मा, नाकातोंडावर मास्क. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. चाचांना कुणाची पर्वा नव्हती. फवारणी पहाटेच, वारा पडलेला असतानाच. आधी चिमूटभर सुकी माती वर उडवायची आणि ती कुठं जाते ते बघायचं. जरा सरकली तरी पंप खाली ठेवायचा. औषध मापानंच घ्यायचं, टोपणाच्या अंदाजानं नाही. उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनला त्यांनी दोन दिवस आवारात येऊ दिलं नव्हतं. फवारणी झाली की फाटकाला साखळी. गवत पुरतं वाळेपर्यंत कुणाचा पाय आत पडता कामा नये, आणि खुरपणीच्या बायांनी तर दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. कापलेलं गवत बाया शेळ्यांना न्यायच्या, तेही फवारणीनंतर बंद. आमच्याकडे हिरवा चारा म्हणजे सोनं, त्यामुळे बाया कुरकुरायच्या. "शेळी मेली तर माझ्या नावानं रडशाल, त्यापेक्षा आताच रडा," चाचा म्हणायचे.

चाचांना इंग्रजी येत नव्हतं आणि पुड्यावरच्या मराठीची अक्षरं मुंगीएवढी. म्हणून प्रत्येक नवा पुडा, प्रत्येक बाटली माझ्या टेबलावर यायची. "बेटा, वाच. सगळं वाच. विष कसं उतरवायचं त्येबी." मी कंटाळून भरभर वाचायचे. त्यांना ते चालायचं नाही, परत पहिल्यापासून वाचायला लावायचे. डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग तर त्यांनी माझ्याकडून पाठच करून घेतले होते. लाल सगळ्यात वाईट, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. "हिरवा म्हंजी काय दूध न्हाई, समजलं?" सांगायचं एवढंच की मला सगळं माहीत होतं. त्या गावात लेबलं पाठ असलेली दोनच माणसं होती, त्यातली एक मी होते.

एका एप्रिलमध्ये मालकांच्या भाचीचं लग्न आलं. दोन दिवस राहिले असताना हिरवळीवर तपकिरी चट्टे दिसले. मालकांनी मोबाइलवर फोटो काढून कुठल्या तरी ओळखीच्या दुकानदाराला पाठवला. त्यानं झाड बघितलं नाही, माती बघितली नाही, पण उत्तर दोन मिनिटांत पाठवलं. बुरशीची पावडर दुप्पट घ्या आणि सोबत किडीचं औषध मिसळा, एका फेरीत काम होईल. तासाभरात माल आला. मी लेबल वाचलं. बाटलीवर पिवळा त्रिकोण होता.

चाचा गुडघ्यांवर बसून एकेका चट्ट्यातलं गवत उपटून बघत होते. "स्टेजपाशी हाय तो रोग. पान बघा, कडंनं कुजलंय. ह्यो भटारखान्याकडचा रोग न्हाई, केटररनं भाताचं उकळतं पाणी वतलंय. भाजल्यालं गवत दवा मारून उगवतं व्हय? आन कीड कुटं हाय? एक कीड दाखवा मला." स्टेजपाशी तेवढी उद्या पहाटे फवारणी करतो, मापानं करतो, दिवसभर फाटक बंद ठेवा, एवढंच ते मागत होते. मालक म्हणाले, "उद्या मांडव पडणार. आज दुपारीच मारायचं, सगळीकडं मारायचं, आन लगेच बायांकडनं तण काढून घ्यायचं." चाचांनी टोपी काढली. पुढं ते जे बोलले ते मी लिहीत नाही, पण त्यातला शब्दन् शब्द मालकांना लागू होता. आताच घरी जा, परत येऊ नका, असं मालकांनी तिथंच सांगितलं.

भर दुपारी, सुसाट वाऱ्यात, मालकांच्या ड्रायव्हरनं मागून आणलेल्या पंपानं ती फवारणी केली. अंगात बनियन. मग डोकं दुखतंय म्हणून गाडीत एसी लावून झोपला. तीन वाजता मला मालकांचा फोन आला, "बायांना आत घाल."

लिंबाच्या सावलीत पाचजणी बसल्या होत्या. त्यात गयाबाई, शिरूर कासारकडची. दरसाल नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची आणि हंगाम संपला की केजला बहिणीकडं राहून आमच्याकडं खुरपायला यायची. हाताला एवढी चलाख, की तिच्या ओळीला दुसरी कुणी लागत नसे. तिनं मला विचारलं, "चाचा वल्यात जायाचं न्हाई म्हणत्यात ना?" मी म्हटलं, "मालकांनी सांगितलंय." एवढंच म्हटलं. बाया उठल्या, अनवाणी आत गेल्या, ओल्या गवतात बसल्या आणि उघड्या हातांनी तण उपटू लागल्या. त्याच हातांनी घाम पुसला, त्याच हातांनी गयाबाईनं तंबाखू मळून दाढेखाली धरली.

पाचच्या सुमारास ती आडवी झाली. उलट्या, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, घामानं लुगडं चिंब, आणि दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. बाकीच्या चौघींच्या हातांची नुसती आग होत होती. मालकांनी जीप दिली, हे त्यांचे उपकार. जीप निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टरला ऊन लागलं म्हणून सांग. घरात लग्न हाय, बोभाटा नको. आन ती बाटली, पुडे जाळून टाक." जाळलं तर धूर विषारी असतो, हे मी चाचांना शंभरदा वाचून दाखवलं होतं. म्हणून जाळलं नाही. संडासामागच्या कचऱ्यात पोत्याखाली दडपलं. तेवढीच माझी अक्कल त्या दिवशी चालली.

दवाखान्यात मी सांगितलं, "ऊन लागलं." डॉक्टरांनी सलाइन लावलं, पण त्यांच्या कपाळावर आठी होती. "उन्हानं एवढी लाळ गळते? काही फवारलं होतं का तिथं?" मी म्हटलं, "माहीत नाही." गयाबाई माझ्यापासून हातभर अंतरावर कण्हत होती. बाटलीवर डॉक्टरांसाठी छापलेली उताऱ्याची ओळ मला तोंडपाठ होती, आणि मी माहीत नाही म्हटलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, नोकरी जाईल अशी भीती होती, घरी आजारी वडील होते. ही कारणं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितली. आता सांगत नाही.

बायांपैकी एकजण चाचांच्या घरी धावत गेली होती. चाचा आधी लॉन्सवर गेले, कचरा उपसला आणि प्लास्टिकच्या पिशवीत ती बाटली घेऊन दवाखान्यात शिरले. डोकं उघडंच होतं. बाटली टेबलावर आपटून म्हणाले, "डॉक्टरसाब, ह्ये वाचा. खालची बारीक ओळ वाचा." डॉक्टरांनी वाचली, आणि मग जी पळापळ झाली ती अर्धा तास आधी व्हायला हवी होती. इंजेक्शनं सुरू झाली. रात्री आठच्या सुमारास गयाबाईनं पाणी मागितलं. चाचा भिंतीला टेकून खाली बसले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

लग्न झालं. हिरवळीवर फोटो निघाले. भटारखान्याकडचे चट्टे तसेच होते, त्यावर गालिचा टाकला. चौथ्या दिवशी मालकांनी गयाबाईला जीपनं तिच्या गावी पोचवलं आणि त्यांच्या लेखी विषय संपला. कुणी विचारलं नाही, कुणी लिहून घेतलं नाही. तोंड उघडायला नको म्हणून आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

वर्षभरानं मी ती नोकरी सोडली. चाचांनी घरामागं गुलाबाची छोटी नर्सरी काढली होती, तिथं मी अधूनमधून जायचे. पहिल्याच वेळी त्यांनी मला समोर बसवलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. ते सावकाश बोलले. "बेटा, खोटं तू सांगितलंस, तर खरं बी तूच सांगायचं. गयाबाईला जाऊन सांग." मी हो म्हटलं. त्यानंतर प्रत्येक खेपेला त्यांचा एकच प्रश्न असे, "गेल्तीस का?" मी म्हणायचे, या महिन्यात जाते. ते रोप कागदात गुंडाळून माझ्या हातात द्यायचे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकावर ओरडायला वळायचे. माझं लग्न झालं, मूल झालं, सहा वर्षं गेली. तो महिना काही आला नाही.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी चाचींना भेटून आले, आणि घरी न जाता स्टँडवर गेले, बीडची एसटी पकडली, तिथून शिरूर कासारची. चाचा होते तोवर मला वाटायचं, एक माणूस हे धरून बसलाय. आता ते धरणारं कुणी उरलं नव्हतं, आणि ते मला सहन होईना.

गयाबाईच्या वस्तीवर निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं ऊसतोडीला गेलेली. गयाबाई मात्र दारात बसून शेंगा सोलत होती. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं. मी विचारलं, "तू नाही गेलीस?"

"म्या कसली जाती आता? उनात पडणारी बाई नको म्हणला टोळीचा मुकादम. नवरा-बायकोच्या जोडीबिगर कोयता मिळत न्हाई, म्हणून धनी एकलेच जात्यात दुसऱ्याच्या कोयत्यावर. तवापस्नं म्या दुपारच्याला भाईर बी निघत न्हाई. माझं अंगच कच्चं निघालं." तिचा तो चलाख हात शेंगा सोलत होता.

"चाचा तुला भेटले होते का गं कधी?"

"आलते की एकदा. दवाचं सांगत हुते. पर त्येंचं मालकासंगं वाकडं. आन त्ये तर समद्यावरच चिडायचे. तू लिवणारी बाई, दवाखान्यात तूच म्हणलीस, ऊन लागलं. म्या ऐकलं हुतं. म्हणलं, ही कशाला खोटं बोलंल?"

मग मी सांगितलं. बाटली, पिवळा त्रिकोण, मालकांचा फोन, पोतं, डॉक्टरांचा प्रश्न आणि माझं उत्तर. काही गाळलं नाही. "गयाबाई, तुला ऊन लागलं नव्हतं. तुझं अंग चांगलं धडधाकट होतं. चाचा खरं सांगत होते."

तिचे हात थांबले. ती अंगणातल्या उन्हाकडं बघू लागली.

"मग तवा कावून न्हाई बोललीस?" तिनं विचारलं.

मी तिच्या सुपातली एक शेंग उचलून सोलू लागले. तिनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, माझ्या अगदी समोर सरकून बसली आणि पुन्हा विचारलं, "सांग की. कावून?"