दोन बोटं

आमच्या गॅरेजात चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा बोटांनी मोजतात. टेप समोर पडलेली असली तरी हात आडवा घालायचा आणि आकडा बोलायचा. घरी भाताचं पाणी बोटानं मोजतात, तसलाच प्रकार. मला त्याचा भारी अभिमान होता. माझ्या बोटांपुढं टेप काय करणार, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो.

माझा शाळेपासूनचा दोस्त त्याची जुनी कार घेऊन आला, तेव्हा त्या जागेत पाच बोटं जात होती, अंगठ्यासकट अख्खा पंजा. गाडी वळणावर फार कलते, आणि दिसतेही उंटासारखी, म्हणाला. "दोन बोटं कर बे," एवढं सांगून तो समोर चहाला गेला. आमच्यात दोन बोटं म्हणजे दोन बोटं जागा ठेवायची. मी चारी स्प्रिंगांचे वेढे ग्राइंडरनं कापले, गाडी जॅकवरून उतरवली आणि दोन बोटं घालून बघितली. बरोबर बसली.

तो आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, हसला. "लई खाली घेतली बे!"

मला ती शाबासकी वाटली. फुगलो मी.

नंतर भेटला की सांगायचा, आता वळणावर गाडी जराही कलत नाही. ते खरंच होतं. पण स्प्रिंग कापली की चाकाला वर यायला जागा उरत नाही. सरळ रस्त्यात खड्डा आला तर आतला रबरी गुटका 'ठक्' वाजतो, कंबर दुखते, एवढंच. तोच खड्डा वेगात, वळणावर आला तर चाक क्षणभर जमीन सोडतं आणि स्टेअरिंग हातात हलकं होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. सांगायचं राहून गेलं, असं मी म्हणतो. खरं म्हणजे कौतुक ऐकण्याच्या नादात सांगितलंच नाही.

तलवाड्याच्या रस्त्याला ऐन वळणात एक मोरी आहे, तिच्या तोंडाशी उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेला खड्डा. तिथून गाडी खाली गेली, ती त्याला घेऊनच. लोक म्हणाले, वेग. मीही म्हणालो, वेग.

तेव्हापासून तो 'ठक्' माझ्या मागं लागलाय. भर दुपारी, गॅरेजात दहा आवाज चालू असताना तो मला वेगळा ऐकू येतो. हातातला पाना ठेवून मी बाहेर येतो, तर रस्त्यावर गाडी नसते. आणि माझ्या दोस्ताचं ते वाक्य, 'लई खाली घेतली बे'. तो खुशीत बोलला होता की तक्रार करत होता? मी रोज त्याचा चेहरा आठवून बघतो. रोज वेगळा दिसतो. मला भीती वाटते त्याची.

मागच्या आठवड्यात त्याचे वडील आले. निवृत्त शिक्षक, आम्हा दोघांनाही त्यांनीच गणित शिकवलेलं. जयभीम घालून बाकावर बसले, पाणी प्यायले.

"मी नगं म्हणलं व्हतं गाडी खाली घ्यायला," ते म्हणाले. "तर म्हणला, बाबा, पाच हायती, दोनच बोटं कमी करतो, तीन ऱ्हातेत." त्यांनी पंजा आडवा धरला आणि दोन बोटं मिटली. "दोन बोटानं गाडी रस्ता सोडती का रं? तू कारागीर हायेस. खरं सांग."

मी त्या उरलेल्या तीन बोटांकडं बघत राहिलो. मी दोनच ठेवली होती.

"न्हाई काका," मी म्हणालो. "दोन बोटानं काईच व्हत न्हाई."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"मग पोराचं चुकलं न्हाई," ते म्हणाले. माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि उमापूरच्या एसटीला उभे राहायला गेले.