बंद घरातला कूलर

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत ताठ बसतो. उत्तर नागपुरातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मे महिना, ठाण्याच्या पायरीवर पाय ठेववत नव्हता. कापडाचे एक जुने व्यापारी आदल्या दिवशी सकाळी घरून निघाले ते परतलेच नव्हते. मधुमेह, रोजचं इन्सुलिन. त्यांच्या पत्नी औषधाचा डबा मांडीवर घेऊन ठाण्यातच बसून होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, आज संध्याकाळपर्यंत इंजेक्शन मिळालं नाही तर काही खरं नाही.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला आणि फोन थांबेनात. कुणी त्यांना कन्हानच्या पुलावर पाहिलं, कुणी जरीपटक्याच्या बाजारात. सगळ्यात पक्की बातमी दिली सख्ख्या पुतण्याने. काका खाप्याच्या बसमध्ये चढताना दिसले म्हणे! पथक खाप्याला धावलं आणि हात हलवत परत आलं.

मग मी पुतण्यालाच समोर बसवलं. सदऱ्याचा रंग, हातातली पिशवी, खिडकीजवळची जागा, सगळं घडाघडा सांगितलं पठ्ठ्याने. तीनदा विचारलं, तीनदा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तिथेच पाल चुकचुकली. खरा साक्षीदार अडखळतो, "थांबा हं, बहुतेक" म्हणतो. शेतीवरून काका-पुतण्यात वाद असल्याचंही कळलं होतं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि दुपार टळत चालली होती.

तेवढ्यात बाहेर हवालदाराच्या टेबलापाशी एका बाईंचा आवाज चढला.

"कालपासून शेजारच्या कूलरचं पाणी गळून राहिलं, माह्या सगळ्या कुरड्या भिजल्या. तुमी लिहून काहून घेत नाही?"

"अवं मावशी," हवालदार वैतागला, "इथं एका माणसाचा जीव टांगणीले लागला अन् तू कूलरचं भांडण घेऊन आली! त्या घरवाल्याले सांग ना."

"कोणाले सांगू गा? घराले भाईरून कुलूप हाये!"

बाहेरून कुलूप आणि आत कूलर चालू! मी झटकन पुतण्याकडे पाहिलं. इतका वेळ पोपटासारखा बोलणारा गडी खिशावर हात दाबून दाराकडे पाहत होता.

"चावी काढ," मी म्हणालो. त्याच्याच खिशातून निघाली.

बाईंना पुढे बसवून जीप अशी पिटाळली की काही विचारू नका. वरच्या खोलीत म्हातारबुवा खाटेवर होते. एक पाय खाटेला साखळीने बांधलेला, ओठ सुकलेले, पण जिवंत! उशाशी शेताच्या बक्षीसपत्राचे कागद, सहीविना. मी वायरलेसवर "सापडले!" असा ओरडलो की नियंत्रण कक्षाने घाबरून विचारलं, कोण जखमी झालं?

म्हातारबुवांना दवाखान्यात वेळेत इंजेक्शन मिळालं. परतताना मी बाईंना विचारलं, "काल आमचा शिपाई तुमच्या दारी आला होता ना? तेव्हा का नाही सांगितलं?"

"त्यानं इचारलं, काही माहिती हाये का. म्या म्हटलं, नाही. हे तं आमचं भांडण होय ना, साहेब!"

प्रथम माहिती अहवालापासून खबऱ्याच्या कुजबुजीपर्यंत, नोकरीभर मी माहितीच गोळा केली. पण लोकांना स्वतःजवळची माहिती कधी माहिती वाटतच नाही, ती त्यांना रोजची कटकट वाटते. त्यानंतर शिपायांना मी बजावत असे, दारी गेलात की आधी "सध्या कशाचा त्रास आहे?" हे विचारा.

दोन दिवसांनी दवाखान्यात म्हातारबुवांचा जबाब घेतला. "ओरडला का नाहीत?" मी विचारलं.

"खाली माणूस बसला हाये, ओरडला तं जीव घेईल, असं सांगून गेला होता पोट्टा. मंग कूलरात पाणी सोडाच्या नळीपर्यंत हात पोचत होता, ते चालूच ठेवली. टाकी भरून वाहू देली." ते थकल्या चेहऱ्याने हसले. "म्हटलं, माणूस दिसला नाही तं कोणी इचारत नाही, साहेब. पाणी सांडलं तं कोणी ना कोणी भांडाले येतेच."