सिग्नलमामांवर मी घातलेला आळ

कॅमेऱ्यात तोंडाने फुंकर मारणाऱ्याला सिग्नलमामा घराबाहेर काढत. मलाही काढलं होतं, दोन गिऱ्हाइकांदेखत. "थुंकायला दुसरी जागा न्हाई का घावली, फोटूवाले?" म्हणाले. पूर्णेत माझा वीस वर्षांचा स्टुडिओ, आणि हा माणूस मला असा बोलला. तेव्हापासून ते माझ्या मनातून उतरले. आजही ते मला आवडतात असं नाही.

रेल्वेत सिग्नलच्या दुरुस्तीवर होते, म्हणून सिग्नलमामा. निवृत्तीनंतर घरीच, स्वयंपाकाच्या ओट्यावर, कॅमेऱ्यांचे सेन्सर, म्हणजे फोटो उमटतो ती आतली काच, साफ करून देत. आधी फरशी ओल्या फडक्याने पुसायची, मग पंखा बंद. भर मे महिन्यातसुद्धा. कुणी कुरकुरलं की म्हणत, "तुमाला घाम येतो, त्याच्यावर धूळ बसते. कुणाला जपू?"

शिकवायचेही, पण अपमान करून. आभाळाचा फोटो काढून डाग बघायचा. फोटोत तो वर दिसला तर सेन्सरवर खाली असतो. मी दोनदा चुकलो, तर म्हणाले, "डोस्कं बी उलटं बसवलंय का?" कॅमेरा पालथा धरून रबरी फुग्याने हवा मारायची. तरी डाग राहिलाच तर सफाईच्या द्रावाचे दोन थेंब घेतलेली कापडी टोकाची कांडी, एकदाच, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "तीच कांडी पुन्हा फिरवली तर ते पुसणं न्हाई, घासणं हाय." आणि बॅटरी पूर्ण भरलेली हवी. ती मध्येच संपली तर वर उचललेला आरसा आणि उघडलेला शटरचा पडदा कांडीवर येऊन आदळतात.

हे सगळं मला पाठ होतं. तरी एका लग्नाच्या आदल्या दिवशी मी घरीच सेन्सर पुसायला बसलो. बॅटरी जुनी, तीही निम्मीच भरलेली. मामांकडे पुन्हा जायला कमीपणा वाटला. आत खट्ट झालं आणि शटरचा पडदा मोडला.

आठच दिवसांपूर्वी तो कॅमेरा मामांनी साफ केला होता. मी फोटोग्राफरांच्या ग्रुपवर लिहिलं, 'मामांनी हात लावला आणि पडदा गेला.'

मामा दुकानात आले. कॅमेरा उजेडात धरून आत पाहिलं.

"बॅटरी किती होती?"

"फुल."

"बरं," एवढंच म्हणाले. जगाला शिव्या घालणारा माणूस मला एक शब्द न बोलता पायऱ्या उतरून गेला.

पुढे त्यांच्याकडे कुणी फिरकेना. वयामुळे हात थरथरतो, ही भर दुसऱ्याच कुणी घातली. मी ती खोडली नाही. मामा मुलाकडे चुडाव्याला गेले आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. मी मातीला गेलो नाही.

महिन्याभराने चुडाव्याला जाऊन मामींना भेटलो आणि खरं सांगितलं.

"त्यांना ठावं होतं," मामी म्हणाल्या.

"मग बोलले का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हणून वाट बघायले होते. शेवटपस्तोर."

मी हात जोडले. मामी उठून दारापाशी गेल्या. "माझ्यापाशी काय रडायलाव? जिथं लिवलं होतं तिथं लिवा."

स्टेशनवर गाडीची वाट बघत मी ग्रुपवर सगळं लिहिलं. बॅटरी, कांडी, खोटं, सगळं. मग गंगाखेडच्या एका फोटोग्राफरचं उत्तर आलं.

'मग मामांचा नंबर द्या की. माझा कॅमेरा दाखवायचा हाय.'