निघताना म्हणायचा शब्द

समजा, सहा वर्षांच्या एका मुलीला तुम्हाला सांगायचं आहे की तिची आई आता थोडेच दिवस जगणार आहे. मुलगी समोर कार्पेटवर बसली आहे आणि कागदावरच्या मांजराला पाचवा पाय काढते आहे. नियम एकच, आडवळणाचा शब्द वापरायचा नाही. देवाघरी, तारा झाली, झोपली, यातलं काही चालणार नाही, कारण मुलं शब्द जसाच्या तसा धरतात. 'झोपली' म्हटलं की ती स्वतः झोपायला घाबरतात. 'गेली'सुद्धा नको, गेलेलं माणूस परत येतं. इंग्लिशमध्ये यासाठी एक सरळ शब्द आहे, 'डाय'. आता मराठीत सांगून बघा.

'मेली' म्हणाल? ते आपण माशीला म्हणतो, नाहीतर रागाच्या भरात. 'वारली' त्या मुलीने कधी ऐकलेलं नाही. 'निधन' पेपरात होतं.

सुप्रभाताई बर्मिंगहॅममधल्या एका हॉस्पिसमध्ये हेच काम करतात. शेवटच्या आजारातली माणसं तिथे येतात, आणि त्यांच्या मुलांना काय, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं याची घरच्यांबरोबर तयारी करून घेणं हे त्यांचं काम. वय पंचावन्न. मूळच्या नागपूरच्या, लग्न होऊन इथे आल्या त्याला तीस वर्षं होत आली. त्यांच्या बॅगेत स्केचपेनं, टिश्यू आणि चिवड्याचा एक डबा असतो. डबा मोठ्यांसाठी, कारण त्या जातात त्या घरात बहुतेक वेळा कुणी जेवलेलं नसतं.

मराठी घर त्यांच्या वाट्याला क्वचित येतं. गेल्या वर्षी यतीन आणि चैत्रालीचं आलं. यतीन पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. चैत्राली छत्तीस वर्षांची, आणि तिचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला होता. त्यांची सहा वर्षांची मुलगी मायरा इथेच जन्मलेली. बाबाशी आणि शाळेत ती इंग्लिश बोलायची, आईशी मात्र फक्त मराठी. मध्ये इंग्लिश आलं की चैत्राली ऐकू न आल्याचं सोंग करायची.

म्हणून यतीन अडून बसला की हे मराठीतच सांगायचं. "तिची आई मराठीत असते, ताई," तो म्हणाला. "इंग्लिशमध्ये सांगितलं तर तिला ते दुसऱ्याच कुणाच्या मम्मीबद्दल वाटेल."

दोन दुपारी ते दोघं किचनच्या टेबलाशी बसून वाक्यं जुळवत होते. शेवटी उरलं ते असं, की आईचं शरीर आता थांबणार आहे आणि ते पुन्हा सुरू होणार नाही. हे माझ्या लॅपटॉपबद्दल वाटतंय, असं म्हणून यतीन हसला. ताईही हसल्या. पण याहून बरं वाक्य मिळालं नाही, आणि शनिवारी सकाळी त्याने मायराला तेच सांगितलं. तिने विचारलं, मग माझी वेणी कोण घालणार? ताईंना हायसं वाटलं. मुलं असंच विचारतात. म्हणजे पोचलं.

पुढच्या बुधवारी चैत्रालीला हॉस्पिसमध्ये न्यायला गाडी आली. ताई दाराशी सगळ्यांचे कोट धरून उभ्या होत्या. व्हीलचेअर उंबऱ्याशी थांबली. चैत्रालीला बोलायला फार कष्ट पडत होते. तिने मायराच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "येते हं."

कुणालाच त्यात काही वाटलं नाही. कोपऱ्यावर दूध आणायला निघालेलं माणूसही हेच म्हणतं. उलट ताईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ये."

नऊ दिवसांनी चैत्राली वारली. यतीनने ठरलेलं वाक्य म्हटलं, आणि खात्रीसाठी इंग्लिशमधला तो सरळ शब्दही सांगितला. मायराने मान हलवली. ती रडली, शाळेत गेली, जेवली. फक्त आईच्या घरात घालायच्या चपला तिने दाराशी आणून ठेवल्या, आत पाऊल टाकताच पायात येतील अशा. यतीनने दोनदा उचलून ठेवल्या. दोन्ही वेळा त्या परत दाराशी आल्या.

तीन आठवड्यांनी ताईंनी तिला हळूच विचारलं, शरीर थांबलं म्हणजे काय गं? तिने सगळं बरोबर सांगितलं. श्वास नाही, हार्ट नाही, भूक नाही, फॉरएव्हर.

"मग चपला?"

"आईने येते बोलली ना," मायरा म्हणाली. "तू पण बोलली, ये."

मराठीत निघताना असंच म्हणतात, बायसारखं, हे ताईंनी तिला समजावलं. मायराने स्केचपेनाचं टोपण लावलं, काढलं.

"म्हणजे आई खोटं बोलली?"

"नाही, बाळा."

"मग येणार?"

हॉस्पिसच्या पुस्तिकांत याबद्दल काही नाही. इंग्लिश सहकाऱ्यांना अडचण समजावण्यातच एक मीटिंग संपली. नागपूरला भाऊ कमलाकरला फोन केला, तर तो म्हणाला, "'जाते' कसं म्हणेल बाई? लेकरासमोर?" आणि वर, तिकडे राहून तू फार विचार करायला लागलीस.

प्रत्येक घरासाठी ताईंना जो फॉर्म भरावा लागतो त्यात एक चौकोन असतो, मुलाला कोणते शब्द वापरून सांगितलं, असा. तो त्यांनी रिकामा ठेवला. ऑफिसने दोनदा आठवण केली, तरी रिकामाच.

एका घराला आठ भेटी मिळतात. आठवी जूनमध्ये झाली. यतीनने चहा केला. चपला दाराशीच होत्या. ताईंनी त्या ओलांडून कोट चढवला आणि मायरा त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. आजवर प्रत्येक घरातून निघताना त्यांनी एकच शब्द म्हटला होता. तो ओठांपर्यंत आला. तो म्हणता येईना, आणि त्या दारात 'जाते' तर नाहीच नाही. त्यांनी वाकून बुटाची नाडी बांधली. ती बांधलेलीच होती.

"बाय, मायरा," त्या शेवटी म्हणाल्या.

मायराने त्यांच्याकडे नीट बघितलं. "तू येते नाही बोलली," ती म्हणाली. "म्हणजे तू नाही येणार."

हे तिला बरोबर कळलं होतं.

आता भेटेल त्या मराठी माणसाला त्या विचारतात. त्या फॉर्मचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. तो रिकामा चौकोन कशामुळे अडतोय ते बघायला मी गेले, तेव्हा त्यांनी चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला आणि मलाही विचारलं, "चैत्रालीने त्या दारात काय म्हणायला हवं होतं?"