दाराजवळची बॅग

कॅप्टन नितीन फोन उचलत नव्हता. दुपारी दोनला शिर्डीचं चार्टर होतं आणि साडेदहा वाजून गेले होते.

"दुसरीकडे जॉइन होतोय तो," आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणाले. "तुम्ही वर्तकनगरचे ना? त्याचं घर डोंबिवलीला, जवळच. गाडी घ्या, बघून या."

जवळच म्हणे! शीळफाट्यावरच पाऊण तास गेला.

मी त्या चार्टर कंपनीत रोस्टर सांभाळत असे. कोणत्या वैमानिकाने कधी उडायचं ते ठरवायचं आणि त्याचे ड्युटीचे तास लिहायचे. चार्टर म्हणजे भाड्याचं छोटं विमान. गिऱ्हाईक म्हणेल तेव्हा निघायचं, त्याचं काम होईपर्यंत थांबायचं. पगार बेताचा. वर भत्ता मिळे, तो हवेतल्या तासांचा, थांबण्याचा नाही. सुट्टी माझा फोन येईपर्यंत.

दार नितीनच्या बायकोने, अपर्णाने उघडलं. आत दाराजवळच भरलेली बॅग, तिच्यावर इस्त्रीचा युनिफॉर्म. साहेबांचा संशय खरा, मला वाटलं.

"नितीन कुठे निघालाय का?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"बॅग बघून म्हणताय? लग्न झाल्यापासून ती तिथेच आहे, काका. तुमचा फोन कधी येईल, सांगता येतं का? आवाजावरूनच ओळखलं मी तुम्हाला."

"मग तो आहे कुठे?"

"झोपलाय. फोन मीच बंद केलाय. काल तो जळगावला हॉटेलात आराम करतोय म्हणालात ना? हे बघा."

तिने मोबाइल पुढे केला. फोटोत विमानाच्या पंखाखालच्या सावलीत, इंजिनाच्या कव्हरची घडी करून तिच्यावर नितीन बसला होता. शर्ट घामाने भिजलेला.

हॉटेल फक्त माझ्या रजिस्टरमध्ये होतं. मध्ये नीट विश्रांती दिली, तर नियमाने वैमानिकाची ड्युटी लांबवता येते. म्हणून मी 'हॉटेल' लिहीत असे. खोली कोणी घेत नसे. सांगणं साहेबांचं, पण अक्षर माझं.

"उठवू त्याला?"

"नको," म्हणून मी खाली उतरलो. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"काय दिसलं?"

"बॅग भरलेली आहे."

खोटं नव्हतं. पुढचं मी सांगितलं नाही.

आठवड्यात नितीनला काढलं. पत्रावर सही माझी. नंतर दोन कंपन्यांनी त्याची चौकशी केली. त्यांनाही मी म्हणालो, "भरवशाचा नाही." त्यानंतर त्याला कोणी विमान दिलं नाही. आता तो कल्याणला वैमानिकांच्या लेखी परीक्षेचे क्लास घेतो.

गेल्या महिन्यात मी हे सगळं लिहून, सही करून त्याच्याकडे नेलं.

"कुठेही दाखव," म्हटलं.

त्याने एकेक ओळ बोट ठेवून वाचली.

"काका, जळगावला सात तास नाही, नऊ तास होतो मी उन्हात." त्याने पेन काढून आकडा दुरुस्त केला. "इथे परत सही करा."

मी केली.

वैमानिक फोन उचलत नसेल, तर संशय जरूर घ्यावा. फक्त सुरुवात फोन करणाऱ्याच्या रजिस्टरपासून करावी.