गोलसमोरचा चिखल

सामन्याआधी माळी गोलसमोर पाणी मारतो, तेव्हा मी बाजूला जाऊन उभा राहतो. ओल्या मातीचा वास लोकांना आवडतो. मला तो नकोसा होतो. पंधरा वर्षं पगारी गोलकीपर होतो, आता पोरांना शिकवतो, तरी ते गेलं नाही.

माझी पहिली नोकरी बीडकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संघात. दुष्काळ होता, मैदान दगड झालेलं. झेप घेतली की कोपरं सोलायची. मीच चेअरमनसाहेबांना म्हणालो, "साहेब, गोलपुढं जरा पाणी मारलं तर बरं."

फायनलच्या सकाळी गावाचा टँकर तिथं रिकामा झाला. तारेपलीकडे बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. मी त्या चिखलात लोळून पेनल्टी अडवली आणि दात काढून हसलो. त्या हसण्याची आजही किळस येते.

मेडल घालून झाल्यावर मी कुंपणाशी जर्सी पिळायला लागलो. माझ्या खोलीशेजारी राहणाऱ्या सखुमावशीनं तारेपलीकडून घागर पुढं केली.

"हितं पिळ बाप्पा. शेळीला तेवढंच हुईल."

मी पिळली. वाकलो तसं गळ्यातलं मेडल तिच्या घागरीवर वाजत राहिलं.