बॉयलरखालची जागा

सयाजीरावांना जयमालाबाई फारशा ठाऊक नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. चऱ्होलीच्या सोसायटीत समोरासमोर दारं आणि संध्याकाळी एकाच बाकावर बसणं, तेही दोनच वर्षं. बाई गेल्यावर त्यांच्या जलदानविधीला "दोन शब्द बोला" म्हटल्यावर सयाजीराव उभे राहिले, हात जोडले आणि खाली बसले.

तरुणपणी बाई पिंपरीतल्या एका डिझाइन ऑफिसात ट्रेसर होत्या. इंजिनिअरांचे पेन्सिलीतले नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवायचं काम. विदर्भातल्या एका मोठ्या औष्णिक वीज केंद्राचा बॉयलर त्यांच्याच हातून कागदावर उतरला होता. प्रत्यक्षात तो त्यांनी कधी पाहिला नाही.

"एवढं धूड, पण जमिनीवर उभं नसतं, भाऊ," त्या सांगत. "वरच्या तुळयांना टांगलेलं असतं. कोळसा पेटला की तापतं आणि खाली वाढतं, मांडवावरच्या दुधीसारखं. म्हणून खाली मोकळी जागा सोडायची. तीनशे मिलिमीटर."

तोच आकडा त्यांना छळत होता. चुकीचा पडला म्हणून त्यांनी तो ब्लेडने खरवडला, तेवढ्यात ऑफिस सुटलं. बरोबरचा परत लिहिला की नाही, हे चाळीस वर्षांत आठवलं नव्हतं. सकाळी कागद छपाईला गेलेला. विचारायचं धाडस झालं नाही. मग स्वप्नात तो बॉयलर तांबूस उजेडात सावकाश खाली येई, आणि त्या तळहात वर करून त्याच्याखाली उभ्या असत.

"तपासणारे असतात की, ताई."

"तपासणारे साहेब माझं अक्षर बघून डोळे मिटून सही करायचे. तीच तर पंचाईत."

सयाजीरावांचा जावई दिग्विजय त्याच केंद्रात दुरुस्तीच्या कामाला गेला, तेव्हा त्यांनी फोनवर चाचरत विचारलं. जावई हसला, पण जाऊन बघून आला. बॉयलर तापून किती खाली उतरला, हे दाखवायला तिथे काटा आणि पट्टी असते म्हणे.

"जागा आहे, ताई," संध्याकाळी सयाजीराव म्हणाले. "पूर्ण तापलाय, तरी खाली चार बोटं मोकळी आहेत."

जयमालाबाई समोरच्या अर्धवट इमारतीकडे बघत राहिल्या. उन्हं तिच्या रिकाम्या मजल्यांतून आरपार जात होती. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले. मग दोघं जे बोलले, ते शेवटचंच ठरलं.

"जावईबापूंना तिथं जेवण मिळतं ना नीट?"

"कँटीन बरं आहे म्हणाला."

"मग बरं."